रेनकोट आतून ओला का होतो?

(पावसाळ्याच्या तोंडावर गिर्यारोहकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आयोजकांनी मला फोनवर एवढंच विचारलं होतं: "सर, महागातला रेनकोट घेऊनसुद्धा राजगडावर आम्ही भिजतोच. असं का?" प्रश्न रास्त आहे. मी कापडाच्या फिनिशिंगमधला माणूस. विणून आलेल्या कापडावर पुढे जे काही रासायनिक सोपस्कार होतात, त्यात माझी सगळी नोकरी झाली. तेव्हा उत्तर कापडाच्या बाजूने देतो.

दुकानदार ज्याला सरसकट 'वॉटरप्रूफ' म्हणतो, त्यात तीन निरनिराळी कामं आहेत. थेंब कापडावर पसरू द्यायचा नाही, हे एक. दाबाने आत घुसू पाहणारं पाणी अडवायचं, हे दुसरं. आणि वारा अडवायचा, हे तिसरं. एकच लेप ही तिन्ही कामं करतो असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. पहिल्या कामाचं रसायन वेगळं, उरलेल्या दोहोंचं वेगळं. शिवाय आपल्या सह्याद्रीत तिन्हींची गरज सारखी नसते, हा खरा मुद्दा आहे आणि तो मी आज धरून ठेवणार आहे.

पहिल्या कामापासून सुरुवात करू. अळवावरचं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या पानावर मेणाचा पातळ थर असतो, आणि पानाचा पृष्ठभाग सूक्ष्म उंचवट्यांनी भरलेला असतो. थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो, मधल्या खळग्यांत हवा राहते. म्हणजे थेंबाखाली पान थोडं आणि हवा जास्त. कॅसी आणि बॅक्स्टर या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९४४ साली सच्छिद्र पृष्ठभागांसाठी याचं गणित मांडलं. कापडाला ते चपखल लागू पडतं, कारण कापड म्हणजे तंतू आणि त्यांच्यामधली हवा. तंतूंना योग्य रसायनाचं अस्तर दिलं की बाकीचं काम हवा करते.

योग्य रसायन कोणतं? पाण्याचं पृष्ठताण, म्हणजे आक्रसून गोळा व्हायची ओढ, सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. खायच्या तेलाचं तीसच्या आसपास. मेण आणि सिलिकोन यांची पृष्ठऊर्जा, म्हणजे घन पदार्थाचा असाच आकडा, विशीत. द्रवापेक्षा पृष्ठभागाचा आकडा चांगलाच कमी असेल, तर द्रव पसरत नाही, गोळा होतो. मेणावरून आणि सिलिकोनवरून पाणी छान ओघळतं, पण तेलाशी त्यांचा आकडा फार जवळ येतो, त्यामुळे तेल पसरतं. तेलालाही नकार द्यायचा तर फ्लोरिनकडे जावं लागतं. कार्बनच्या साखळीवर फ्लोरिन बसवलेली रसायनं विसाच्या खाली उतरतात, आणि साखळ्यांची टोकं दाटीने उभी राहिली तर सहापर्यंत. इतकं खाली दुसरं काहीही जात नाही. या सहाच्या आकड्यापायी जगाने किती किंमत मोजली, त्याकडे मी नंतर येतो.

कारखान्यात हे काम तसं साधं असतं. कापड रसायनाच्या हौदातून जातं, मँगलच्या रुळांमध्ये पिळलं जातं, वाळतं, आणि मग स्टेंटरमध्ये, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या भट्टीत, दीडशे ते एकशे सत्तर अंश सेल्सियसला भाजलं जातं. रसायन तंतूभोवती बसतं. धाग्यांमधल्या फटी मात्र जशाच्या तशा राहतात. त्यामुळे असं कापड पाणी झटकतं, पण वारा आरपार जातो.

आणि दाब आला की पाणीही जातं. हिशोब करून बघू. दोन धाग्यांमधली फट दशांश मिलिमीटर धरा. उत्तम रसायन लावलं तरी ती फट साधारण दहा सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब पेलते, त्याहून जास्त नाही. पावसाचा टपोरा थेंब सेकंदाला नऊ मीटर वेगाने आदळतो. त्या आदळण्याच्या क्षणी, अगदी त्या क्षणापुरता, चार मीटर उंच पाण्याइतका दाब तयार होतो. मुसळधार पावसात छत्रीखालीसुद्धा चेहऱ्यावर बारीक तुषार येतात, ते याच फटींतून.

म्हणून दुसऱ्या कामासाठी फटी बुजवाव्याच लागतात. हा उद्योग जुना आहे. खलाशी शिडाच्या कापडाला जवसाचं तेल चोपडायचे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये पेटंट घेतलं. कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवायचं आणि दोन कापडांच्या मध्ये त्याचा थर द्यायचा, अशी त्याची कृती. पाणी थांबलं, पण उन्हाळ्यात रबर चिकट व्हायचं आणि थंडीत ताठ. शिवाय वास. रबराला गंधकासोबत तापवायची युक्ती सापडल्यावर, म्हणजे १८४० च्या दशकात, हा त्रास संपला. आज रबराच्या जागी पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन आहे. बाजारातला स्वस्त रेनकोट म्हणजे पॉलिस्टरचं पातळ टॅफेटा आणि आतून पॉलियुरेथेनचा लेप. ताणलेल्या कापडावर लेपाची पेस्ट ओततात आणि पात्याने निपटून घेतात. उरतो तो थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा.

लेबलवर '३००० एमएम' असं जे लिहिलेलं असतं ते या लेपाबद्दल. तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापडावर उभा केला तरी पाणी पलीकडे येत नाही, असा त्याचा अर्थ. आता ओल्या दगडावर तुम्ही बसलात तर बुडाखाली दीड हजार मिलिमीटरच्या आसपास दाब येतो. पाठपिशवीचा पट्टा खांद्यावर दाबतो तोही असाच. वाऱ्याचा दाब या मानाने किरकोळ आहे. सेकंदाला वीस मीटर, म्हणजे माणसाला नीट उभं राहू न देणारा वारा घ्या, तरी पंचवीस मिलिमीटरसुद्धा होत नाहीत. म्हणजे भिजायची सुरुवात होते खांद्यावर, बुडाखाली आणि शिवणींवर. शिवणीच्या सुईने पाडलेली भोकं आतून टेप लावून बंद केलेली नसतील, तर लेबलवरच्या आकड्याला अर्थ नाही. दुकानात आकडा वाचण्याआधी रेनकोट उलटा करून शिवण बघा.

वाऱ्याचं काम हा लेप आपोआप करतो. पण वारा अडवायला लेप लागतोच असं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक बर्फाळ समुद्रात पडून काही मिनिटांत मरत होते. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने त्यांच्यासाठी लांब धाग्याच्या कापसाचं अतिशय घट्ट वीण असलेलं कापड तयार केलं, व्हेंटाइल नावाचं. ओलं झालं की सूत फुगतं आणि फटी आपल्या आपण मिटतात. लेप नाही, तरी वारा बंद. कापडाच्या रसायनावर पोट भरणाऱ्या माणसाने हे सांगावं की नाही, पण मला हे कापड सगळ्या लेपांपेक्षा देखणं वाटतं.

आपल्याकडची घोंगडी याच घराण्यातली. दख्खनी मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर निसर्गानेच स्निग्ध थर दिलेला असतो, त्यामुळे पाणी वरून ओघळतं. तंतूचा गाभा मात्र अंगाची वाफ शोषतो, वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत, तरी हाताला कोरडा लागतो. खोळ करून पावसात उभा राहिलेला धनगर घामाने चिंब होत नाही, तो यामुळे. घोंगडी डोक्यावर घेऊन लिंगाणा चढा असं मी म्हणत नाही. दिवसभराच्या पावसाने ती भिजतेच, आणि भिजली की तिचं ओझं होतं.

आता मूळ प्रश्न. रेनकोट आतून ओला का होतो? बहुतेक वेळा ते पाणी पावसाचं नसतंच. चढणीवर माणूस तासाला लीटरभर घाम गाळू शकतो. लेपाने फटी बुजवल्या, आता हा घाम जाणार कुठे? यावरचा उपाय म्हणून 'ब्रीदेबल', म्हणजे पाणी अडवून वाफ बाहेर सोडणारे, पडदे आले. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची तापलेली कांडी हळूहळू ताणण्याऐवजी एकदम हिसडली, आणि ती न तुटता लांबली. तयार झालं ते जाळीदार, बहुतांश हवेचं बनलेलं टेफ्लॉन. त्याची छिद्रं थेंबाला फार लहान आणि वाफेच्या रेणूला ऐसपैस.

कल्पना सुंदर आहे. पण वाफेला बाहेर ढकलणारा पंप त्या कापडात नाही. आतल्या वाफेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेल, तरच ती बाहेर जाते. घामेजल्या त्वचेपाशी, म्हणजे तेहेतीस अंशांना, हा दाब पाच किलोपास्कल असतो. हिमालयात पाच अंशांच्या पावसात बाहेरचा दाब एकाच्याही खाली. फरक चारच्या वर, वाफ जोरात बाहेर जाते. जुलैत राजगडावर चोवीस अंश आणि पंचाण्णव टक्के आर्द्रता धरा. बाहेरचा दाब पावणेतीनच्या वर. फरक राहिला दोन. कोकणात उतरलात की दीड. प्रयोगशाळेत हे कापड मोजतात तेव्हा पलीकडची हवा बरीच कोरडी असते. त्यामुळे थंड मुलखात ज्या जाकिटात माणूस कोरडा राहतो, त्याच जाकिटात तुम्ही आपल्याकडे शिजता. त्यात बाहेरचं कापड भिजून जड झालं, की उरलेली वाटही बंद. बाहेरच्या कापडावरचं पाणी झटकणारं रसायन याचसाठी असतं, पडद्याला मोकळं ठेवायला.

आणि हे रसायन बरीच वर्षं फ्लोरिनचं होतं. ३एम कंपनीत पॅट्सी शर्मन आणि सॅम्युअल स्मिथ यांनी १९५३ मध्ये पाहिलं, की एका सहकाऱ्याच्या कॅनव्हासच्या बुटावर सांडलेलं रसायन काही केल्या निघत नाही, आणि तेवढा भाग मळतही नाही. तीन वर्षांत ते स्कॉचगार्ड नावाने बाजारात आलं. काही केल्या न निघणं हाच त्याचा गुण होता, आणि दोषही तोच. कार्बन-फ्लोरिन बंध सेंद्रिय रसायनातला सगळ्यात बळकट एकेरी बंध. हे रेणू निसर्गात मोडत नाहीत, पाण्यात फिरतात, रक्तात साठतात. २००० मध्ये ३एमने स्वतःच पीएफओएस, म्हणजे यातलं आठ कार्बनच्या साखळीचं रसायन, बंद करत असल्याचं जाहीर केलं. निसर्गात न मोडणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत ते २००९ मध्ये आलं, त्याचा भाऊबंद पीएफओए २०१९ मध्ये. मधल्या काळात उद्योगाने आठ कार्बनची साखळी सोडून सहा कार्बनची धरली. ही पळवाट होती, सुधारणा नव्हे, असं माझं तेव्हाही मत होतं. सहाची साखळीही मोडत नाही. २०२२ मध्ये स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की तिबेट आणि अंटार्क्टिकाच्या पावसातसुद्धा पीएफओएचं प्रमाण अमेरिकेने त्या वर्षी जाहीर केलेल्या सुरक्षित पातळीच्या वर आहे. आता कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक कपड्यांत ही रसायनं जाणीवपूर्वक वापरायला बंदी आहे. गोर यांच्या कंपनीनेही २०२२ पासून, फ्लोरिन असलेल्या टेफ्लॉनला पर्याय म्हणून, पॉलिइथिलीनचे पडदे आणले.

हे सगळं अमेरिका-युरोपचं आहे असं समजू नका. इटलीत व्हिचेन्झाजवळ मितेनी नावाचा कारखाना होता. त्याने या रसायनांनी भूजल बिघडवलं. झळ बसलेल्या लोकांची संख्या साडेतीन लाखांच्या घरात सांगतात. कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. दरम्यान त्याची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय उद्योगसमूहाने घेतली आणि ती आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामला आली. फ्लोरिनची रसायनं औषधांना लागतात, कीटकनाशकांना लागतात. नुसती यंत्रं आली म्हणजे पाणी बिघडलंच, असं मी म्हणणार नाही. पण लोट्याचं सांडपाणी खाडीला जातं, आणि त्या सांडपाण्यात ही रसायनं किती, हे नियमित मोजून लोकांसमोर ठेवलं पाहिजे. खाडीवर मासे धरणाऱ्यांनी ते मागावं आणि तुम्हीआम्ही त्यांच्या मागे उभं राहावं.

मग घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. सह्याद्रीच्या पावसासाठी महागडा 'ब्रीदेबल' पडदा नको आणि फ्लोरिन तर अजिबात नको. तेलाला नकार देणारा कपडा आगीशी, कारखान्यात काम करणाऱ्याला लागतो. आपल्याला पाणी झटकायचंय, त्याला मेण किंवा सिलिकोन पुरतं. पॉलियुरेथेनचा लेप, टेप लावलेल्या शिवणी, काखेत उघडणारी चेन आणि ढगळ माप, एवढं बघा. काखेतून जेवढी वाफ जाते तेवढी कुठल्याच पडद्यातून जात नाही. आत सुती बनियन घालू नका. आपल्याकडे तुम्ही भिजणार हे धरूनच चला. भिजल्यावर कड्यावरच्या वाऱ्याने गारठू नये, एवढं सांभाळायचं. ते काम साधी विंडचीटर चोख करते.

मेण-सिलिकोनचा एक तोटा सांगतो. कॉलरला आणि कपाळपट्टीला केसांचं तेल लागतं, आणि तिथलं कापड आधी भिजायला लागतं. ते सौम्य साबणाने धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, कारण उरलेला साबण पाण्याला आत खेचतो. कपडे मऊ करायचं द्रव कधीही नको. वाळल्यावर वरून सुती फडकं ठेवून कोमट इस्त्री फिरवा, झटकणं बरंचसं परत येतं. लेपाला मात्र इस्त्री लावू नका, बाहेरच्या बाजूनेच.

आणि ऑक्टोबरात रेनकोट दमट कपाटात घडी करून कोंबू नका. पॉलियुरेथेनचा लेप दमट उबेत हळूहळू तुटत जातो. पुढच्या जूनमध्ये उघडलात की आतली बाजू चिकट लागते आणि पापुद्रे सुटतात. त्याला माझ्याकडे इलाज नाही. तो लेप दोन-चार वर्षांत जाणारच. पूर्ण वाळवून हँगरला टांगलात तर एखाद-दोन पावसाळे जास्त काढेल.

मागून कुणीतरी छत्रीचं विचारलं. वारा नसेल तर छत्रीसारखं काही नाही, वाफेचा प्रश्नच येत नाही. नाणेघाटात मात्र नेऊ नका, तिथे पाऊस खालून येतो.