सातव्या महिन्याचा कॉटन कुर्ता

[धुळे, पाच कंदील, सकाळ]

हा धुळ्याचा पाच कंदील. साडेदहाच वाजलेत पण ऊन बघा, मे महिन्यात आपल्या खान्देशात पारा ४४ च्या पुढे जाणं काही नवीन नाही, आणि या उन्हात ओढणी डोक्यावर घेऊन आईचा हात धरून चालतेय ना ती ताई, तिला सातवा महिना सुरू आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलीय. बॅगेत सासरहून आणलेले चार ड्रेस होते, त्यातला एकच अंगात जातो, आणि तो पण पॉलिस्टरचा.

[दुकान, गठ्ठे, हँगरला लटकलेले गाऊन]

आधी रेडिमेड बघितलं. मॅटर्निटी ड्रेस मागितला की बऱ्याच ठिकाणी समोर येतो तो हा गाऊन, मोठी फुलं, गळ्याला लेस, तीन एक्सएल. हा घालून घरात बसता येतं पण शाळेत शिकवायला कसं जायचं, ताई प्राथमिक शिक्षिका आहे. दुसरा पर्याय मोबाईलवर, तिने आम्हाला दाखवला, फीडिंग कुर्ती, दिसायला छान, किंमत १,३९९. आणि कापडाच्या रकान्यात लिहिलंय पॉली ब्लेंड, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं.

इथेच आम्हाला हा व्हिडिओ करावासा वाटला. कारण हा कापसाचा मुलूख आहे हो. धुळ्याला न्यू प्रताप मिल होती, अमळनेरला प्रताप मिल, जळगावला खान्देश मिल, घराघरातली माणसं मिलच्या भोंग्यावर उठायची, भोंग्यावर जेवायची, आजही पावसाळ्यात धुळ्याहून कुठल्याही रस्त्याला लागा, दोन्ही बाजूला कापूसच दिसतो. आणि इथली पोटुशी बाई भर वैशाखात सिंथेटिक घालून फिरते, कारण तेच स्वस्त आणि तेच समोर टांगलेलं असतं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं, त्यामुळे तिला गरमी आपल्यापेक्षा जास्त होते, घाम जास्त येतो. ताईला पोटावर घामोळ्या आल्या होत्या, नाडीचे वळ होते, डॉक्टरांनी सैल आणि सुती वापरा एवढं सांगितलं.

[काडेपेटी, धागा, जवळून]

आता हे नीट बघा. सगळेच सांगतात प्युअर कॉटन आहे म्हणून, पण दुकानदार काकांनी स्वतःच कापडाच्या कडेचा एक धागा ओढला आणि काडी लावली. कागद जळल्यासारखा वास, खाली राखाडी राख, बोटाने चोळली की उडून जाते, हे सुती. हा दुसरा धागा, हा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला, हे पॉलिस्टर. यात फसगत एकच, रेयॉन पण कागदासारखंच जळतं. मग तो धागा ओला करून ओढायचा, रेयॉन ओलं झालं की पटकन तुटतं, सुती तसं सहज तुटत नाही.

ताईने निवडलं ते हे गडद निळं, बारीक उभी बुट्टी, ४४ इंच पन्हा, १४० रुपये मीटर. आई हिरवं घे म्हणत होती पण ताईने निळंच घेतलं. नेहमीच्या कुर्त्याला अडीच मीटर पुरतं, इथे तीन घेतलं, घेरासाठी. ४२० रुपये झाले.

[गल्ली, शिलाई मशीन, बादलीत कापड]

धुळ्यातल्याच देवपुरात एका गल्लीत या मावशी गेली तीस वर्षं शिवतायत. कापड हातात आलं की आधी मशीनवर नाही, बादलीत. रात्रभर पाण्यात. सुती कापड पहिल्या पाण्याला मीटरमागे इंच दीड इंच आटतं, आधी शिवून मग धुतलं तर सातव्या महिन्यात बसलेला कुर्ता आठव्यात पोटावर अडकणार. आणि माप कसं घेतात ते बघा, ताईला उभं नाही केलं, बसवलं. बसल्यावर पोट पुढे येतं, तेच खरं माप. मग मावशी म्हणाल्या, "पहिले पोटले मोकयं वाटाले जोयजे माय, मंग फॅशन." म्हणजे आधी पोटाला मोकळं वाटायला पाहिजे.

पण फॅशन पण सोडली नाही त्यांनी. छातीच्या खाली जोड दिला आणि तिथून बारीक चुण्या सोडल्या, म्हणजे खांदे आणि छाती नीट मापात, आणि पोटाला हवी तेवढी जागा. सैल आणि गबाळं यात फरक आहे तो इथे आहे, खांदा उतरला की बाई गबाळी दिसते, पोट मोठं असल्याने नाही. पुढचा भाग मागच्यापेक्षा तीन इंच लांब कापला, कारण पोट कापड वर उचलतं आणि पुढून कुर्ता आखूड दिसतो, रेडिमेडमध्ये हे अनेकदा ध्यानातच घेतलेलं नसतं.

[कात्री, खडूची रेघ]

ही खडूची रेघ शिलाईची, आणि कात्री चाललीय ती बघा किती बाहेरून. एवढी माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जास्तीचं कापड, ठेवली. नेहमी अर्धा इंच ठेवतात, इथे दोन इंच. पुढा-पाठ, दोन्ही बाजू, चार ठिकाणी दीड-दीड इंच उसवून सोडलं की घेर सहा इंचांनी वाढतो, नवव्या महिन्यापर्यंत दुसरा कुर्ता नको. बाळंतपणानंतर परत आत घ्यायचं. चुण्यांच्या वरच्या जोडात दोन्ही बाजूला चेन बसवली, बंद असली की दिसत नाही, बाळाला पाजताना उपयोगी. म्हणजे वर्ष दीड वर्ष हाच कुर्ता अंगावर. चेन ६० रुपये, शिलाई २५०. एकूण ७३०.

सलवारची नाडी काढूनच टाकली. नेफ्यात हे काज पाडलेलं इलास्टिक घातलं, लहान पोरांच्या शाळेच्या पँटीला असतं ना तेच, आत बटण, पोट वाढलं की एक काज पुढे. जुन्या लेगिंगचा वरचा भाग कापून तिथे टीशर्टच्या कापडाची आठ इंची पट्टी जोडली, ती पोटाच्या खाली दुमडून ठेवा नाहीतर वर ओढून घ्या. याला खर्च जवळजवळ नाहीच. आणि तो लग्नाच्या आधीचा कलमकारी कुर्ता, जो आता बटणं लागत नाही म्हणून कपाटात पडला होता, त्याला पुढून मधोमध उभं कापलं, कडेला गोट मारला, झालं श्रग, कुर्त्यावरून घालायचं पुढून उघडं जाकीट. निळ्यावर हे मरून कलमकारी कसं दिसतंय ते तुम्हीच बघा.

[ओसरी, कडुनिंब, झोका]

आखाजीचा झोका अजून कडुनिंबाला आहे. पोरी झोका घेतायत, ताई बाजूला ओसरीवर आरशासमोर.

[आरसा, जवळून]

मावशी गुडघ्यावर बसून पुढची कड आणि मागची कड एका रेषेत आली का बघतायत. मागून बघितलं, पुढून बघितलं, टाचणी काढली. विचारलं अजून काय राहिलं का. ताई म्हणाली मावशी खिसा. उजव्या बाजूच्या शिलाईत तो आधीच होता, मावशींनी तिचा हात धरून आत घातला.