शून्य शिल्लक आणि विकत मिळणारी की

[दृश्य: संगणकाचा पडदा. वॉलेटमध्ये एक प्रायव्हेट की पेस्ट होते. वर्तुळ थोडा वेळ फिरतं आणि थांबतं. शिल्लक: ०]

बिटकॉइनसारख्या क्रिप्टोचे व्यवहार करायच्या ॲपमध्ये, म्हणजे वॉलेटमध्ये, प्रायव्हेट की (पैसे खर्च करण्याचा अधिकार देणारा गुप्त क्रमांक) टाकली, वॉलेटने मुकाट्याने घेतली आणि शिल्लक दाखवली शून्य. वर्षानुवर्षं जपून ठेवलेला कागद असतो तो. त्यावरचं अक्षर न् अक्षर पुन्हा पुन्हा ताडून पाहिलेलं असतं. छातीत धस्स होतं आणि माणूस मिळेल तिथे मदत शोधू लागतो.

[दृश्य: दुसरा पडदा. शिल्लक घसघशीत. 'पाठवा' हे बटण करड्या रंगाचं, दाबलं जात नाही.]

आता हा दुसरा पडदा. इथे पैसे दिसतात, पण पाठवता येत नाहीत. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलंय, 'फक्त पाहण्यासाठी'. आणि चॅटवर कुणीतरी समजावतंय की रक्कम तुमचीच आहे, तेवढी प्रायव्हेट की विकत घ्या म्हणजे झालं.

पहिल्या पडद्यामागे पैसे अनेकदा जागेवर असतात, फक्त दिसत नाहीत. दुसऱ्या पडद्यावर ते दिसतात, पण समोर बसलेल्या माणसाचे ते कधीच नव्हते. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगायला हव्यात असं आम्हाला वाटतं, कारण पहिल्या पडद्यापाशी घाबरून उभ्या असलेल्या माणसाचीच दुसऱ्या पडद्यावाले वाट पाहत असतात.

गोंधळाचं मूळ एका समजात आहे: नाणी वॉलेटमध्ये असतात, हा तो समज. खरं तर नाणी म्हणजे ब्लॉकचेन या सामाईक नोंदवहीतल्या नोंदी, आणि त्या कुठल्या तरी पत्त्याच्या, म्हणजे खाते क्रमांकासारख्या अक्षरांच्या ओळीच्या, नावावर असतात. आपल्याला ज्या पत्त्यांवर लक्ष ठेवायला सांगितलंय, त्यांच्या नोंदी वॉलेट गोळा करतं आणि बेरीज दाखवतं. बिटकॉइनची नोंदवही सगळ्यांना उघडी आहे. जगातल्या कुठल्याही श्रीमंत पत्त्यावर नजर ठेवायला तुम्ही तुमच्या वॉलेटला सांगू शकता, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. की लागते ती खर्च करायला.

[दृश्य: कागदावर छापलेली की, अगदी जवळून. कॅमेरा पहिल्या अक्षरावर स्थिरावतो.]

ही की म्हणजे २५६ बिटांची एक संख्या. नेहमीच्या अंकांत लिहिली तर साधारण ७७-७८ अंकी भरते. इतकी मोठी संख्या हाताने उतरवताना चूक होणारच, म्हणून ती एका ठरावीक साच्यात लिहितात. त्या साच्यात शून्य, इंग्रजीतला मोठा 'ओ', मोठा 'आय' आणि छोटा 'एल' ही चार चिन्हं मुद्दाम वगळलेली आहेत, कारण कागदावर ती एकमेकांसारखी दिसतात. शेवटी पडताळणीचा एक छोटा तुकडा असतो. एक अक्षर जरी चुकलं तरी वॉलेट की नाकारतं. म्हणून वॉलेटने की स्वीकारली असेल, तर उतरवून घेण्यात चूक झालेली नाही, एवढं धरून चालायला हरकत नाही.

मग शून्य का? पहिल्या अक्षराकडे बघा. की ५ ने सुरू होत असेल आणि ५१ अक्षरांची असेल, तर ती जुन्या, 'अनकम्प्रेस्ड' पद्धतीची. इंग्रजी 'के' किंवा 'एल' ने सुरू होणारी ५२ अक्षरांची असेल, तर 'कम्प्रेस्ड'. मूळ संख्या तीच असली तरी या दोन पद्धतींनी निघणारे पत्ते वेगळे असतात. आणि सुरुवात ६ आणि 'पी' अशी असेल, तर ती की पासवर्डच्या कुलपात आहे. तो पासवर्ड आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

इथवर एकवेळ ठीक. खरी मेख पुढे आहे. एकाच कम्प्रेस्ड कीपासून वेगवेगळ्या पिढ्यांचे पत्ते तयार होतात. १ ने सुरू होणारा सगळ्यात जुना. ३ ने सुरू होणारा मधल्या काळातला. 'बीसी१क्यू' ने सुरू होणारा 'सेगविट' या बिटकॉइनच्या नियमांतल्या सुधारणेचा, जी ऑगस्ट २०१७ मध्ये लागू झाली. आणि 'बीसी१पी' ने सुरू होणारा 'टॅपरूट' या त्यानंतरच्या सुधारणेचा, जी नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. पैसे यातल्या एका पत्त्यावर असतात आणि वॉलेट दुसऱ्याच पत्त्यावर डोळे लावून बसलेलं असतं. इलेक्ट्रम या बिटकॉइन वॉलेटमध्ये कीच्या आधी पत्त्याचा प्रकार सांगणारी खूण आणि कोलन टाइप करता येतो. तो दिला नाही, तर इलेक्ट्रम ती की १ ने सुरू होणाऱ्या जुन्या पत्त्याचीच धरतं. सेगविट पत्त्यावर पैसे असलेल्या माणसाला मग शून्य दिसतं. खूण लावून तीच की पुन्हा टाकली की शिल्लक हजर.

बिटकॉइन कोअर, म्हणजे आख्खी नोंदवही स्वतःच्या संगणकावर तपासणारं वॉलेट, वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. की आत घेतल्यावर जुने ब्लॉक, म्हणजे नोंदवहीतले व्यवहारांचे गठ्ठे, पुन्हा तपासावे लागतात. इम्पोर्ट करताना तारखेच्या जागी 'आत्तापासून' असा पर्याय दिला असेल, तर आधीचे व्यवहार ते बघतच नाही. आणि जागा वाचवण्यासाठी जुने ब्लॉक डिस्कवरून उडवले असतील, तर तपासायला मागे काही उरलेलंच नसतं.

वॉलेट बनवणाऱ्यांना इथे एक सांगावंसं वाटतं. की आत आली आणि शिल्लक शून्य निघाली, तर नुसतं शून्य दाखवून गप्प बसू नका. 'याच कीचे बाकीच्या प्रकारचे पत्ते तपासू का?' एवढा प्रश्न पडद्यावर आला, तर कितीतरी माणसं भलत्याच्या हाती सापडण्यापासून वाचतील.

तोवर घरच्या घरी करण्यासारखी तपासणी अशी. कागदावर कीशेजारी पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता, आणि फक्त पत्ता, ब्लॉक एक्सप्लोररमध्ये, म्हणजे नोंदवही दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाका. पैसे तिथे दिसले, तर ते सुरक्षित आहेत आणि अडचण वॉलेटच्या सेटिंगची आहे. ती आज सुटली काय आणि पुढच्या महिन्यात सुटली काय, पैसे कुठे जात नाहीत. पैसे आधीच बाहेर गेलेले असतील, तर तारखेसकट तेही दिसेल. की मात्र कुठल्याही वेबसाइटच्या चौकटीत टाकायची नाही.

[दृश्य: इम्पोर्ट आणि स्वीप असे दोन पर्याय असलेला मेनू.]

की सापडली, पैसेही दिसले. आता इम्पोर्ट करायचं की स्वीप? इम्पोर्ट म्हणजे जुनी की तशीच वॉलेटमध्ये ठेवून घेणं. स्वीप म्हणजे त्या कीचा सगळा पैसा एका व्यवहारात आपल्या नव्या पत्त्यावर ओढून घेणं. स्वीपला नेटवर्क फी पडते, तरीही आमचं मत स्पष्ट आहे: स्वीप करा.

कारण इम्पोर्ट केलेली की तुमच्या सीड फ्रेजमध्ये, म्हणजे वॉलेट परत मिळवून देणाऱ्या शब्दांच्या यादीत, येत नाही. बारा किंवा चोवीस शब्द नीट जपले म्हणून माणूस निर्धास्त राहतो. फोन बिघडतो, शब्द टाकून वॉलेट परत आणलं जातं, आणि इम्पोर्ट केलेलं खातं काही परतत नाही. मेटामास्क या इथेरियमच्या वॉलेटमध्येही हेच होतं.

आणखी एक नुकसान असंच न कळत होत आलंय. समजा कागदी वॉलेटवर ५ बिटकॉइन आहेत. माणूस की इम्पोर्ट करतो आणि १ खर्च करतो. बिटकॉइनमध्ये आख्खी नोंद एकदमच खर्ची पडते, म्हणून उरलेले ४ सुट्टे म्हणून परत येतात. अनेक वॉलेट ते सुट्टे स्वतःच्याच एखाद्या नव्या पत्त्यावर ठेवतात. बाकीचे पैसे कागदावर आहेतच, अशा समजुतीत माणूस वॉलेट डिलीट करतो. कागदावर तेव्हा काहीच उरलेलं नसतं.

[दृश्य: चॅटची खिडकी. 'सपोर्ट' नावाचं खातं, हिरवी टिकखूण असलेला फोटो.]

कुणी शून्य शिल्लक पाहून सार्वजनिक ठिकाणी प्रश्न विचारला, की काही वेळात खासगी संदेश येऊ लागतात. भाषा आर्जवी, नाव सपोर्ट टीमचं. वॉलेट 'व्हेरिफाय' किंवा 'सिंक' करायची एक लिंक आणि त्यावर बारा शब्दांसाठी बारा चौकोन. शब्द टाकून होतात न होतात तोच पैसे गेलेले असतात. पलीकडे माणूससुद्धा लागत नाही, प्रोग्राम वाटच पाहत असतो. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रमच्या वापरकर्त्यांना खोट्या सर्व्हरांकडून वॉलेटमध्येच संदेश आला की नवी आवृत्ती घ्या. दिलेली लिंक नकली वॉलेटची होती आणि त्यातून दोनशेहून जास्त बिटकॉइन गेले. संदेश आपल्याच वॉलेटमध्ये दिसला म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या जागी कुणीही असता तरी बहुधा तेच केलं असतं.

आता विकत मिळणाऱ्या कीकडे येऊ. विकत घेतलेल्या घराचं कुलूप बदलता येतं; ब्लॉकचेनवरच्या पत्त्याचं कुलूप बदलता येत नाही. विकणाऱ्याकडे कीची प्रत राहते, आणि ती पुसली की नाही हे तपासायला कुठलाच मार्ग नाही. शिवाय ज्याच्या हातात खरी, पैसे असलेली की आहे, तो ती विकेल कशाला? पैसे सरळ काढून घेईल. हा एवढा प्रश्न विचारला तरी बाजारातल्या बहुतेक थापा उघड्या पडतात.

तरी लोक फसतात, कारण थापेची मांडणी चतुर असते. 'वॉलेट डॉट डॅट' नावाच्या, म्हणजे बिटकॉइन कोअर ज्यात की ठेवतं तशा, फायली विकायला असतात. विकणारा म्हणतो, पासवर्ड विसरलो, तुमच्याकडे चांगली मशीन असेल तर फोडा आणि घ्या. फाइल उघडली की खरोखर मोठी शिल्लक दिसते. पण पत्ता कुणालाही लिहिता येतो. आत एन्क्रिप्ट केलेल्या कीच्या जागी नुसता कचरा भरलेला असतो, आणि तो कितीही महिने ग्राफिक्स कार्डं तापवली तरी फुटत नाही. २०११ मध्ये माउंट गॉक्स एक्स्चेंजमधून चोरीला गेलेले जवळपास ८० हजार बिटकॉइन ज्या पत्त्यावर आहेत, त्या पत्त्याच्याही अशा फायली विकल्या गेल्या आहेत.

दुसरी थाप तर फुकटच वाटते. कुणीतरी भाबडेपणाचा आव आणून स्वतःचे बारा शब्द जाहीरपणे लिहितो आणि विचारतो, यातून माझे यूएसडीटी (डॉलरच्या किमतीशी जोडलेली टोकन) बाहेर कसे काढू? शब्द टाकले तर टोकन खरोखर दिसतात, फक्त ती हलवायला लागणाऱ्या फीपुरती ट्रॉन नेटवर्कची नाणी, म्हणजे ट्रॉन, नसतात. लोभापायी बघणारा आपले ट्रॉन पाठवतो. त्या खात्यावरून पैसे हलवण्याचा अधिकार आधीच दुसऱ्या कीच्या नावे केलेला असतो. फीसाठी पाठवलेले ट्रॉन हीच थाप मारणाऱ्याची कमाई.

[दृश्य: सीलबंद खोका. कात्री चालते. आतून हार्डवेअर वॉलेट बाहेर येतं.]

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे की आत सांभाळणारं छोटं यंत्र, घेताना तर अधिकच जपायला हवं, कारण ते आपण सुरक्षिततेसाठीच घेत असतो. २०२३ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ट्रेझर या ब्रँडचं एक बनावट यंत्र उघडून पाहिलं. ते जाहिरातींच्या एका साइटवरच्या विक्रेत्याकडून घेतलेलं होतं. बाहेरून खोका आणि सील जसंच्या तसं. आतली चिप बदललेली. नवी सीड फ्रेज बनवतोय असं दाखवून ते यंत्र आधीच ठरवलेल्या २० फ्रेजपैकी एक देत होतं. मालकाने पैसे ठेवायचे आणि चोराने सवडीने उचलायचे. अशीच यंत्रं बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं आणि पत्ते २०२० मध्ये फुटले, आणि पुढच्या वर्षी काही जणांच्या दारात न मागवलेली 'बदली' यंत्रं पत्रासकट येऊन पडली. तीही आतून फेरफार केलेली. म्हणून यंत्र थेट कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावं. खोक्यात आधीपासून लिहिलेली सीड फ्रेज निघाली, तर ते यंत्र वापरूच नये.

क्रिप्टो देऊन एखादी वस्तू घेताना एकच गोष्ट पक्की ध्यानात असू द्या: व्यवहार एकदा ब्लॉकमध्ये गेला की तो उलटवणारं कुणी नाही. विक्रेताच सुचवतो ती 'एस्क्रो' साइट, म्हणजे वस्तू मिळेपर्यंत पैसे मध्ये धरून ठेवणारी, बहुधा त्याचीच असते. तीनपैकी दोन सह्यांचा मल्टिसिग पत्ता ही खरी सोय आहे, पण तिसरी सही दोघांनाही मान्य असलेल्या त्रयस्थाची हवी. आणि पत्ता कॉपी केल्यावर मधली अक्षरंही वाचा. मे २०२४ मध्ये एकाने १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारी, बिटकॉइनच्या किमतीची टोकन), म्हणजे सुमारे ६.८ कोटी डॉलर, चुकीच्या पत्त्यावर पाठवले. चोराने सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं हुबेहूब जुळणारा पत्ता तयार करून त्याच्या व्यवहारांच्या यादीत घुसवला होता. त्या वेळी जवळपास सगळी रक्कम परत मिळाली. सहसा मिळत नाही.

[दृश्य: नव्या वॉलेटचा पडदा. व्यवहार क्रमांक कॉपी होतो.]

की कुठे उघड झाली असेल, तर आधी दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावर नवं वॉलेट तयार करा आणि जे उरलंय ते लगेच तिकडे हलवा. जुना पत्ता पुन्हा वापरू नका. पैसे गेले असतील, तर व्यवहार क्रमांक, पत्ते, चॅटचे स्क्रीनशॉट आणि वेळ जपून ठेवा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा. चोरीचा पैसा एखाद्या एक्स्चेंजकडे जाताना दिसला, तर त्यांनाही त्याच दिवशी कळवा. तिथलं खातं गोठवलं जाण्याची शक्यता काही तासांपुरतीच असते. यानंतर काही दिवसांत आणखी एक संदेश येईल, गेलेले पैसे शोधून परत आणून देतो म्हणणाऱ्याचा. तो आधी फी मागेल किंवा वॉलेटचे शब्द मागेल. त्याला उत्तर देऊ नका, आणि तो संदेशही तक्रारीला जोडा.