महाराजबागेत पायी फिरताना

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हांला नागपूरच्या महाराजबागेत घेऊन जाणार आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेली आहे, हे मला ठाऊक आहे. काटोल, सावनेर, उमरेड या भागांतल्या शाळांची सहल नागपूरला निघाली की तिचा एक थांबा महाराजबागेत ठरलेला असतो, आणि शिक्षक म्हणून मीही अनेक वर्षे मुलांना तिथे नेले. परंतु दर वेळी आमचा क्रम एकच असे. फाटकातून आत शिरायचे, वाघाचा पिंजरा गाठायचा, अस्वल पाहायचे, हरणांजवळ डबे उघडायचे आणि परतीची बस धरायची. बाग अशी आम्ही पाहिलीच नाही. निवृत्त झाल्यावर ही गोष्ट मनाला लागून राहिली, म्हणून गेल्या मार्गशीर्षात, संत्र्याच्या आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी येणाऱ्या फळांची तोडणी आटोपल्यावर, काटोल तालुक्यातील आमच्या गावच्या चौदा शेतकरी स्त्री-पुरुषांना घेऊन मी केवळ बाग पाहण्यासाठी गेलो.

आम्ही सीताबर्डीला उतरलो आणि तेथून पायीच निघालो. रिक्षा करण्याचा आग्रह झाला, पण मी ऐकले नाही, कारण ही बाग समजून घ्यायची तर सीताबर्डीची टेकडी आधी डोळ्यांखालून गेली पाहिजे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवसांत याच टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रजांची फौज यांची लढाई झाली. भोसले हरले आणि पुढे त्यांचे राज्य इंग्रजांच्या मुठीत गेले. तिसरे रघुजी गादीवर होते खरे, पण ११ डिसेंबर १८५३ रोजी ते निपुत्रिक वारले आणि लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले. त्यानंतर राजवाड्यातील जडजवाहीर विकायला निघाले आणि पागेतले हत्ती, उंट, घोडे, बैल याच सीताबर्डीला लिलावात मांडले गेले. मी हे रस्त्याच्या कडेला उभा राहून सांगत असताना आमच्यातील एक मावशी हळूच म्हणाल्या, "मास्तर, बैल इकतानी घरच्याले कसं वाटते, ते आमाले ईचारा." राजघराण्याची ती हलाखी इतक्या नेमकेपणाने मला कधीच सांगता आली नसती.

हत्ती-घोडे गेले, बागा मात्र जागच्या जागी राहिल्या. भोसल्यांना बागांची मनापासून आवड होती. महाराजबाग, तुळशीबाग, शक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी अशी त्यांच्या बागांची नावे आजही नागपूरकरांच्या तोंडी आहेत, आणि त्यांपैकी कित्येक नावांच्या आता वस्त्या झाल्या आहेत. महाराजबाग ही नावाप्रमाणेच खाशांची बाग होती. राजपरिवाराने हवा खायला यावे, फळे-फुले वाड्यात जावीत, यासाठी ती राखलेली. इंग्रजी अमलात तिथे वनस्पतींची जोपासना होऊ लागली, १८९४ साली प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि ज्या वाटांवर एके काळी परवानगीवाचून पाऊल टाकता येत नव्हते, त्या वाटांवर तिकीट काढून कोणीही फिरू लागले.

बागेच्या कडेने नाग नदी वाहते. नागपूरला आपले नाव देणारी हीच नदी. अंबाझरीकडून येणारे हे पाणी जवळ असल्यामुळेच भोसल्यांच्या माळ्यांना इथे बाग फुलवता आली असली पाहिजे. आज त्या पात्राजवळ नाकाला पदर लावावा लागतो. आमची माणसे तिथून घाईने पुढे सरकू लागली तेव्हा मी त्यांना मुद्दाम थांबवले. हे पाणी पुढे पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि वैनगंगा गोसीखुर्दच्या धरणात जाते. भंडारा जिल्ह्यातला, पवनीकडचा शेतकरी जे पाणी आपल्या धानाला देतो, त्यात बागेच्या भिंतीजवळून वाहत गेलेल्या या घाणीचाही वाटा असतो. शहराची नदी ही खेड्याचीही नदी असते, हे मला त्या काठावर उभे राहून जितके पटले, तितके कोणत्याही नकाशावरून पटले नव्हते.

आत गेल्यावर मी एकच अट घातली होती की, पिंजऱ्यांकडे शेवटी जायचे, आधी झाडे. चिंच, वड, पिंपळ, कडुलिंब ही सगळी आपल्या धुऱ्यावरची, पांदणीवरची झाडे. मग ती पाहायला एवढ्या दूर कशाला यायचे, असे कोणालाही वाटेल. परंतु गावात चिंचेचे झाड इतके म्हातारे होईपर्यंत आपण राहू देतो कुठे? एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी आमच्यातील सर्वांत वयस्कर काका थांबले, त्यांनी सालीच्या भेगेत बोटाचे पेर घालून पाहिले, मग झाडाला पाठ लावून वर बघत उभे राहिले आणि म्हणाले, "याले तोडाले कोनी आलं नाही, म्हनून हे येवढं झालं." पांदणीचा रस्ता झाला तेव्हा त्यांच्या शेताकडची सात झाडे गेली होती. ती आठवण त्यांच्या मनात होती, हे आम्हां सर्वांना कळले आणि थोडा वेळ कोणी बोलले नाही. मी हरकत घेतली नाही. आमची ही फेरी अशाच थांबण्यासाठी होती.

प्राण्यांविषयी मी थोडेच सांगेन. वाघ पाहून सगळ्यांना आनंद झाला. ज्यांना वन्यप्राण्यांसाठी प्रशस्त जागा पाहायची आहे, त्यांनी २०२१ साली सुरू झालेले गोरेवाड्याचे उद्यानही जरूर पाहावे.

महाराजबागेचे खरे वैशिष्ट्य मला दुसरीकडेच दिसते. ही बाग नागपूरच्या कृषी महाविद्यालयाकडे आहे. १९०६ साली सुरू झालेले हे महाविद्यालय १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा आज एक भाग आहे. ज्यांच्या नावाचे ते विद्यापीठ आहे, ते पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे, शेतकऱ्याचे पुत्र आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. म्हणजे राजाची बाग फिरत फिरत शेतकऱ्याच्या विद्येच्या स्वाधीन झाली. देशात राजांच्या बागा पुष्कळ खुल्या झाल्या, पण अशा हाती गेलेली बाग आपल्या वाट्याला आली, याचा मला अभिमान वाटतो.

तिथल्या रोपवाटिकेत आमचा सर्वाधिक वेळ गेला. एक माळीदादा संत्र्याची कलमे भरत बसले होते. जंबेरी नावाच्या लिंबाच्या पेन्सिलीएवढ्या जाड खुंटावर, म्हणजे मुळाच्या रोपावर, त्यांनी चाकूने उलट्या टी आकाराचा काप घेतला, साल दोन्ही बाजूंनी अलगद उचलली, संत्र्याच्या काडीवरून काढलेला डोळा, म्हणजे फुटव्याची कळी, खालून वर सरकवला आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून टाकले. एवढे होईपर्यंत आमच्यापैकी कोणी श्वासही मोठ्याने घेतला नाही. काप उलटा का, असे विचारल्यावर, वरून ओघळणारे पाणी आत शिरू नये म्हणून, असे ते म्हणाले. डोळा जमिनीपासून वीतभराहून थोडा वर, साधारण २५ सेंटीमीटरवर त्यांनी बांधला होता. ते अंतर पाहून मला माझे वडील आठवले. त्यांनी एका खासगी रोपवाटिकेतून आणलेल्या कलमांचे डोळे अगदी मातीलगत भरलेले होते. पावसाळ्यात ओली माती जोडाला लागे. आठव्या वर्षी खोडांतून डिंक गळू लागला आणि डिंक्या रोगाने ती बाग ऐन भरात असताना संपवली. कलम घेताना वीत लावून पाहायची असते, एवढे जरी वडिलांना त्या वेळी कोणी सांगितले असते, तरी पुढची कितीतरी वर्षे आमच्या घरात पैसा खेळला असता.

आणि हे संत्रे तरी आपल्याकडे आले कोठून? राज्य गेल्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, भोसले घराण्यातील त्याच नावाच्या पुढच्या रघुजीराजांनी औरंगाबादकडून संत्र्याची रोपे आणवून आपल्या बागेत लावली, असे सांगितले जाते. पुढे त्याच फळाने काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीची शेती बदलली आणि २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गादी गमावलेल्या घराण्याने लावलेले झाड आज आपल्या हजारो घरांची चूल पेटवते आहे.

परतताना काकांनी सहा कलमे घेतली. प्रत्येक कलमाला त्यांनी आधी आपली वीत लावली, दोन परत ठेवली आणि दुसरी दोन निवडली. माळीदादांनी त्याबद्दल राग मानला नाही, उलट हसून त्यांना बसायला पोते पुढे केले. एसटीत ती कलमे आम्ही मांडीवर धरून आणली. पाच जगली आहेत आणि त्यांना यंदाच्या मृगात नवी पालवी फुटली आहे. सहावे शेळीने खाल्ले. त्याच्या जागी काकांनी चिंचोका लावला आहे.

नमस्कार.