जिन्याखालचा ठोका

आधी आवाज ऐका. धप, धप, धप. पत्रा अजून मऊ आहे. आता हा ऐका. टण! तोच पत्रा, तीच हातोडी, मध्ये फक्त दहा मिनिटं गेली. ठोके खाऊन धातू कडक होतो आणि त्याचा आवाज चढतो. काका थांबतात. पुढे ठोकलं तर पत्रा तडकेल.

इंदूरचं राजेंद्रनगर. जिन्याखाली दोन खाटा मावतील एवढी जागा. एक बाक, त्याला आवळलेला व्हाइस (वस्तू घट्ट पकडणारा शिकंजा), लाकडी हातोडा आणि वाळू भरलेली चामड्याची उशी. पत्रा उशीवर ठेवून ठोकला की खालची वाळू सरकते आणि पत्र्याला खोलगा येतो.

काकांच्या जुन्या स्कूटरचं मडगार्ड गंजून चाळण झालंय. त्यासाठी सियागंजातून २० गेजचा पत्रा आणला, साधारण ०.९ मिलिमीटर जाडीचा. दुकानदाराने पत्र्याबरोबर सल्लाही बांधून दिला, “भाईसाहब, मशीन ले जाओ, हाथ क्यों तोड़ते हो?”

पण कोणती मशीन? कापायची की घडवायची? दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात, घोळ तिथेच होतो.

जाड पट्टी कापायला, वेल्डिंगचा उंचवटा घासायला ग्राइंडर घ्यावा. त्यात हौसेला वाव नाही. फक्त लक्षात ठेवा, चार इंची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते; तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरात जातो. “कोपऱ्यात पोचत नाही” म्हणून चकतीवरचं संरक्षक गार्ड काढून ठेवणारा एक तरी पठ्ठ्या प्रत्येक गल्लीत असतो. त्याच्याकडून चहा घ्यावा, सल्ला घेऊ नये. आणि पातळ पत्र्यावर ग्राइंडर एकाच जागी टेकवून ठेवला, तर पत्रा तापून वाकडा होतो.

घडवायचं काम वेगळं. हवेवर चालणारा हातोडा भराभर ठोके घालतो, पण त्याला कॉम्प्रेसर लागतो. छोटी टाकी तो बघता बघता रिकामी करतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्या खडखडाटात पत्रा काय म्हणतोय ते ऐकूच येत नाही. हातोडीची चूक दोन ठोक्यांत कळते. मशीनवर ती कळेपर्यंत पत्रा फुगून बसलेला असतो, आणि फुगलेला पत्रा पुन्हा आकसवणं हे या कामातलं सगळ्यात किचकट. नवशिक्याने मशीन नंतर घ्यावी, असं माझं स्पष्ट मत.

मघाचा तो टण वाजलेला तुकडा सरावाचा होता, अ‍ॅल्युमिनियमचा. तो आता तापवून मऊ करायचा. तांबं तापलं की लाल होऊन सांगतं. अ‍ॅल्युमिनियम काहीच सांगत नाही. ६६० अंशांना थेट वितळतं. म्हणून काका त्यावर कपड्यांच्या साबणाची वडी घासतात आणि मागून गॅसच्या ज्योतीचा टॉर्च फिरवतात. साबण काळपट झाला की टॉर्च बंद. काकूंना साबण लवकर का संपतो याचा पत्ता नाही.

घरात मठारलेला तांब्या असेल तर बघा. त्यावरच्या ठोक्यांच्या खुणा नुसत्या शोभेच्या नसतात. त्या ठोक्यांनीच तांबं कडक होतं आणि भांड्याला सहज पोचे पडत नाहीत.

दुपारी दोन ते चार इथे सगळं बंद असतं. शेजारच्या आजींची झोप. चार वाजता भिंतीपलीकडे कपबशा वाजतात. काका मऊ झालेला तुकडा उशीवर ठेवतात.

धप.