काच अडली, म्हणून मोटर बदलू नका

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकच्या गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास वाढते, ती म्हणजे गाडीची काच खाली गेली आणि आता वर येत नाही. उन्हाळाभर एसीसाठी बंद ठेवलेली काच पहिल्या सरीनंतरचा गार वारा घ्यायला कोणीतरी खाली करतो आणि ती तिथेच बसते. तक्रार ऐकताच बहुतेक ठिकाणी उत्तरही तयार असते : "मोटर गेली, बदलावी लागेल." गाड्यांचे विद्युतकाम शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे अशा 'गेलेल्या' मोटरी माझ्या टेबलावर येत असतात आणि त्यांतल्या पुष्कळशा बॅटरीला जोडल्याबरोबर बिनतक्रार फिरू लागतात. दोष काच सरकण्याच्या वाटेत, वायरीत किंवा बटणात असतो आणि भुर्दंड मात्र मोटरीचा बसतो. शिवाय मूळ दोष तसाच राहिला, तर नवी मोटरही त्याच मार्गाने जाते. म्हणून खर्चाला होकार देण्यापूर्वी काय काय तपासावे आणि ते कोणत्या क्रमाने तपासावे, एवढ्याच विषयावर आज बोलणार आहे.

दरवाजाच्या आतली रचना थोडक्यात अशी असते. १२ व्होल्टवर चालणारी एक लहान मोटर असते आणि तिच्या दांड्यावरील आटे दात्यांच्या चाकाला फिरवतात. या रचनेचा गुण असा, की मोटर चाकाला फिरवू शकते, पण चाक मोटरीला फिरवू शकत नाही; म्हणूनच बंद काच बाहेरून हाताने दाबून खाली नेता येत नाही. या मोटरीला जोडलेली यंत्रणा काचेला वर-खाली करते. तिला कंपनीच्या पुस्तकात रेग्युलेटर म्हणतात, आपल्या गॅरेजांत 'काचेचे मशीन' म्हणतात. काही गाड्यांत ती कात्रीसारख्या उघडमिट होणाऱ्या पट्ट्यांची असते, तर आजच्या बहुतेक गाड्यांत पोलादी केबल आणि प्लास्टिकच्या पुल्यांची असते. काच वर न्यायची झाली की बटण मोटरीला एका दिशेने प्रवाह देते आणि खाली आणायची झाली की तोच प्रवाह उलट करते. मोटर तीच, तिच्याकडे जाणाऱ्या वायरीही त्याच दोन. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे निदान करताना तिचा फार उपयोग होतो.

पहिली तपासणी कानांनी करायची असते. इंजिन चालू ठेवून, पंखा आणि रेडिओ बंद करून (तेवढ्यापुरते आम्हालाही बंद करण्याची मुभा आहे) बटण दाबावे आणि दरवाजाशी कान न्यावा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, अशी स्थिती असेल, तर वीजपुरवठा ठीक आहे आणि दोष मशीनमध्ये आहे. केबल तुटली असेल किंवा काचेला धरणारी प्लास्टिकची पकड फुटली असेल. आवाज अजिबात येत नसेल, तर रात्रीच्या वेळी गाडीतला छताचा दिवा लावून पुन्हा बटण दाबावे. दिवा किंचित मंद झाला, तर मोटरीपर्यंत प्रवाह पोहोचतो आहे, पण ती अडकून पडली आहे. दिव्यावर काहीच परिणाम झाला नाही, तर प्रवाह वाटेतच कुठेतरी खुंटला आहे. काच चालते पण रखडत चालते, हा तिसरा प्रकार आणि आपल्या भागात सर्वांत जास्त आढळणारा.

रखडणाऱ्या काचेचे कारण बहुधा तिच्या दोन्ही कडांच्या रबरी खाचांमध्ये असते. या खाचांना आतून मऊ मखमलीसारखे अस्तर असते. खोदलेल्या रस्त्यांची माती, द्राक्षबागांमधल्या कच्च्या वाटांचा फुफाटा आणि पावसाचे पाणी मिळून या अस्तरावर एक कडक थर बसतो. त्यात थंडीची भर पडते. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत पहाटे रबर ताठरलेले असते आणि बॅटरीही सुस्तावलेली असते. अशा वेळी दुपारी सहज सरकणारी काच सकाळी सहा वाजता अर्ध्यावर थांबली, तर तो मोटरीचा दोष नव्हे. काच पूर्ण खाली करून, पातळ प्लास्टिकच्या पट्टीला सुती फडके गुंडाळून, साबणाच्या पाण्याने खाच वरपासून खालपर्यंत पुसावी. फडके काळे येणे थांबेपर्यंत हे काम नेटाने करावे, मग खाच कोरडी करून तिच्यात सिलिकॉनचा फवारा मारावा. तेल, ग्रीस किंवा डिझेल मात्र या रबराला लावू नये. खनिज तेलाने रबर फुगते, आणि ग्रीसला चिकटलेली धूळ काच घासून टाकते. 'थोडे ऑइल मारून देतो' असे म्हणणाऱ्या कारागिराला तिथल्या तिथे अडवण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आता पूर्ण शांततेकडे वळू. चारही काचा एकदम बंद पडल्या असतील, तर दरवाजे उघडण्याची गरज नाही. मुख्य फ्यूज किंवा रिले (लहान प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणारा स्विच) पाहावा. चालकाच्या बटणाने सर्व काचा चालतात, पण मागच्या प्रवाशांच्या बटणांनी चालत नाहीत, असे असेल तर चालकाच्या दरवाजावरील कुलपाचे बटण नकळत दाबले गेले आहे का, ते पाहावे. या एका बटणापायी लोक गाडी घेऊन सातपूरहून अंबडपर्यंत गॅरेज शोधत गेलेले मला माहीत आहेत. फ्यूज उडाला असेल तर तितक्याच अँपिअरचा नवा घालावा. सहसा तो २० ते ३० अँपिअरचा असतो. नवाही लगेच उडाला, तर मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालून वेळ मारून नेण्याचा मोह आवरावा, कारण मग फ्यूजऐवजी दरवाजातली वायर जळते.

फ्यूज शाबूत असेल, तर दरवाजा पूर्ण उघडून बिजागरीकडे पाहावे. दरवाजा आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये घड्या असलेली एक काळी रबरी नळी दिसेल. दरवाजाकडे जाणाऱ्या सर्व वायरी या नळीतून जातात आणि दरवाजा उघडला-मिटला की दर वेळी त्याच जागी वाकतात. काही वर्षांनी त्यांच्यातले तांबे तुटते, वरचे प्लास्टिकचे आवरण मात्र धडधाकट राहते, त्यामुळे नुसते पाहून काहीच कळत नाही. नळीचे एक टोक हलक्या हाताने सोडवून मागे सरकवावे आणि एकेक वायर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून सावकाश ताणावी. चांगली वायर ताणली जात नाही. जिचे तांबे तुटले आहे, ती त्या जागी बारीक होऊन लांबते, कारण आत आता फक्त प्लास्टिक उरलेले असते. आवरण कापून पाहिले तर टोकांना हिरवट गंज आढळतो, तांब्याचे तंतू बोटांत चुरा होऊन येतात. दरवाजा थोडा मागेपुढे करत बटण दाबले आणि काच मधूनच चालू लागली, तर हाच दोष आहे असे खुशाल समजावे. दुरुस्ती करताना तुटका भाग कापून तितक्याच जाडीच्या वायरीचा तुकडा मध्ये जोडावा, जोड डाखावा आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. जोड नळीच्या घडीत न ठेवता दरवाजाच्या आत सरकवावा. नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला जोड त्र्यंबकच्या एका पावसाळ्यातही टिकत नाही.

बटणांची तपासणी करताना मघाशी सांगितलेली गोष्ट आठवावी. काच एका दिशेने व्यवस्थित चालते आणि दुसऱ्या दिशेला बटण दाबले तर आवाजही येत नाही, अशा वेळी मोटर आणि तिच्या दोन वायरी आपोआप निर्दोष ठरतात, कारण दोन्ही दिशांना त्याच कामी येतात. दोष बटणाच्या एखाद्या काळवंडलेल्या संपर्कात किंवा दोन बटणांना जोडणाऱ्या वायरीत असतो. जुन्या पद्धतीच्या जोडणीत प्रवाशाच्या मोटरीचा प्रवाह चालकाच्या बटणातून होऊन जातो, म्हणून मागची काच बिघडली तरी खोट पुढच्या बटणात निघू शकते. चालकाचे बटण तसे अभागीच असते. अर्धी काच उघडी ठेवून सिगारेट ओढणाऱ्याची राख, पावसाचे थेंब आणि चहाचे शिंतोडे, सारे त्याच्यावरच पडते. संपर्क स्वच्छ करण्याचा फवारा मारून पुष्कळदा काम भागते. नव्या गाड्यांत बटण केवळ संदेश देते आणि प्रवाह सोडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक पेटी करते, तिथे मात्र हे तर्क जसेच्या तसे लागू होत नाहीत आणि त्या पेटीतले दोष वाचणारा स्कॅनर जोडून पाहणेच बरे.

एवढे होऊनही काच हलली नाही, तर दरवाजाचे पॅड, म्हणजे आतल्या बाजूचे आवरण, काढावे लागते. हँडलच्या वाटीत आणि हात टेकण्याच्या जागेत झाकणांखाली स्क्रू लपलेले असतात. ते काढल्याशिवाय पॅड ओढले की प्लास्टिक तडकते. कडेच्या क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने उचकटाव्यात. मोटरीच्या कपलरवर, म्हणजे तिला वायरी जोडणाऱ्या प्लगवर, तपासणी करताना कपलर जोडलेलाच ठेवून, मागच्या बाजूने मीटरच्या सुया लावून बटण दाबावे. कपलर सुटा करून मोजले, तर वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो. भार पडल्यावर तो दाब टिकत नाही. भार असताना बारा व्होल्ट मिळत आहेत आणि तरीही मोटर गप्प आहे, अशा वेळी तिच्या अंगावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकावे. ठोकल्यावर ती फिरली तर आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला प्रवाह पोहोचवणारे तुकडे, झिजले आहेत आणि ही मोटर मात्र खरोखरच बदलायला हवी. बटण बराच वेळ दाबून धरल्यामुळे बंद पडलेली मोटर वेगळी. बहुतेक मोटरींत तापल्यावर प्रवाह तोडणारी सोय असते, म्हणून दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा पाहावे.

मशीन काढण्याचे काम सर्वांत जपून करायचे. काच वर असेल तिथे चौकटीवरून दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टीने बांधावी, नाहीतर बोल्ट सुटताच ती दरवाजाच्या पोटात आदळते. कात्रीच्या प्रकारात काचेचे वजन तोलणारी ताठ स्प्रिंग असते. मोटर सुटी करण्यापूर्वी पट्ट्या आवळून बांधल्या नाहीत, तर त्या झटक्याने फिरतात आणि बोटे चिरडतात. ज्या गाड्यांच्या दरवाजांत एअरबॅगचे सेन्सर असतात, तिथे आधी बॅटरीची ऋण तार सोडावी. ज्याला हे काम जमत नसेल त्याने ते जाणत्या कारागिराकडे द्यावे. यात हौस भागवण्यासारखे काही नाही.

पॅडखाली चिकटवलेला प्लास्टिकचा कागद असतो आणि तोच सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. दरवाजा आतून ओला होतच असतो. काचेवरून ओघळलेले पाणी आत उतरते आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. ते आसनाकडे येऊ नये म्हणून हा कागद असतो. घाईत फाडलेला किंवा अर्धवट चिकटवलेला कागद इगतपुरीच्या पावसात पायाखालचा गालिचा भिजवतो आणि मालक महिनाभर वास कुठून येतो ते शोधत राहतो. कागद जागच्या जागी नीट दाबून चिकटवावा, आणि हात आत आहे तोवर तळाची छिद्रेही काडीने मोकळी करून घ्यावीत. पॅड लावण्याआधी काच काही वेळा वर-खाली करून बाहेरून पाण्याची एक बादली ओतून पाहिली, तर पुन्हा पॅड काढण्याची वेळ येत नाही.

ज्या काचेला एका स्पर्शाने पूर्ण वर जाण्याची सोय आहे, ती बॅटरी सोडल्यानंतर पुष्कळदा आपली हद्द विसरते; वर जाते आणि आपणहून परत खाली येते. ही मोडतोड नव्हे. बोट अडकल्यास काच मागे फिरावी म्हणून केलेली ती व्यवस्था आहे. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच ओढून धरले की हद्द पुन्हा नोंदली जाते. नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. बॅटरी सोडलेली नसतानाही काच अशी परत फिरू लागली, तर खाचा स्वच्छ कराव्यात. ज्या गाडीत ही सोय नाही, तिथली काच लहान मुलाच्या हातावरही जोर ओसरू देत नाही, म्हणून मागे मुले बसली असताना कुलपाचे बटण दाबलेले असणेच योग्य.

कसारा घाटात धो धो पावसात काच खाली अडकली, तर गाडी सुरक्षित जागी उभी करावी. एकाने दोन्ही तळहातांमध्ये काच आतून-बाहेरून घट्ट धरून वर ढकलावी आणि त्याच वेळी दुसऱ्याने बटण वर ओढून धरावे. मरगळलेल्या मोटरीला एवढा आधार बहुधा पुरतो. काच एकदा वर गेली, की दुरुस्ती होईपर्यंत त्या बटणाला कोणी हात लावू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवावी.

गाडी गॅरेजमध्ये देताना 'काच चालत नाही' एवढेच न सांगता आवाज येतो का, दिवा मंद होतो का, कोणत्या दिशेने आणि कोणत्या बटणाने चालते, हे सांगावे. मोटर बदललीच, तर जुनी मोटर मागून घ्यावी आणि कारागिराला ती तुमच्यासमोर बॅटरीला जोडून दाखवायला सांगावे. मात्र जिच्या अंगातच इलेक्ट्रॉनिक भाग बसवलेला आहे, अशी मोटर थेट बॅटरीला जोडू नये, तिची परीक्षा स्कॅनरवरच व्हायला हवी.

नमस्कार.