कापून टाकलेला भाग

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओवर बसून व्हिडिओबद्दल बोलायचं म्हणजे आंधळी कोशिंबीरच. पण आज तीच खेळायची आहे.

गेल्या मे महिन्यात मी तीन आठवडे लेकीकडे लंडनला होते. मला भरतकामाचा नाद आहे. विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज नक्षीकारानं काढलेली वेलबुट्टी मी उशांच्या अभ्र्यांवर वर्षानुवर्षं उतरवत आले. त्यामुळे लेकीला आधीच सांगून ठेवलं होतं, मला राजवाडे दाखवू नकोस, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली कारागिरी दाखव. फिरले, आणि हातातल्या फोनवर दिसेल ते टिपत गेले. परत येऊन मोजलं तर तीन तास चाळीस मिनिटं भरली.

भाच्यानं त्यातून चार मिनिटांचा व्हिडिओ करून दिला. प्रत्येक दृश्य दोन सेकंद, खाली धडधड संगीत. मी तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अकरा अंगठे आले आणि एक 'छान'. त्यातही गंमत अशी, की व्हॉट्सॲप पाठवताना व्हिडिओ दाबून लहान करतं. दगडावर कोरलेली पानं-फुलं माझ्या नणंदेच्या फोनवर पोचेपर्यंत त्यांचा लगदा झाला होता. आता मी लिंक पाठवते, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून जोडते. पण ते नंतरचं.

आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा ज्येष्ठ मंडळी जमतात. कुणीतरी म्हणालं, काकू, तुमचं लंडन दाखवा की. मी ठरवलं, चार मिनिटांचं नाही दाखवायचं. न कापलेलंच लावायचं, निवडून पाऊण तास, संगीत बंद, आणि बोलणार मी.

पहिलं लावलं रेड हाउस. लंडनच्या आग्नेयेला बेक्सलीहीथ म्हणून उपनगर आहे, तिथं मॉरिसनं १८६० मध्ये मित्राकडून बांधून घेतलेलं लाल विटांचं घर. मित्र म्हणजे फिलिप वेब हा वास्तुविशारद. मनासारखं सामान बाजारात मिळेना, म्हणून मित्रमंडळींनी मिळून भिंती रंगवल्या, पडदे भरले, आणि त्यातूनच १८६१ मध्ये त्यांची घरसजावटीची कंपनी उभी राहिली. एवढी हौस केली आणि मॉरिस त्या घरात राहिला जेमतेम पाच वर्षं! अंगणात विहीर आहे, तिच्यावर कौलांचं टोकदार छप्पर, एखाद्या जादूगाराची टोपी ठेवावी तसं. तिथं माझ्या आवाजाचं वाऱ्यानं वाटोळं केलं. नुसतं फर्र-फर्र. फोनच्या माइकच्या भोकाशी तळहाताचा आडोसा धरायचा असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. तिथल्या एका दालनात नुसत्या प्लास्टरच्या नकला आहेत. १८७३ मध्ये उघडलं ते. ज्यांना इटलीला जाणं परवडत नाही त्यांनी इथं येऊन शिकावं, हा हेतू. रोमचा ट्राजनचा स्तंभ इतका उंच, की नक्कल दोन तुकड्यांत शेजारी-शेजारी उभी केली आहे. मी फोन खालून वर नेत गेले, नेत गेले आणि शेवटी माझ्याच टोपीची कड आली. मायकेलँजेलोच्या डेव्हिड या नग्न पुतळ्याचीही पूर्ण आकाराची नक्कल आहे, आणि मागं काचेत ठेवलंय एक प्लास्टरचं अंजिराचं पान. राजघराण्यातल्या बायका यायच्या तेव्हा ते पान योग्य जागी अडकवत असत! हॉलमध्ये यावर जो हशा झाला, तो भाच्याच्या संगीताला सात जन्मांत मिळाला नसता. भाच्यानं ते पान कापून टाकलं होतं. म्हणे, फ्रेम हलतेय.

आणि त्यानंतर आली माझी चूक. त्या म्युझियमला खानावळ आहे. म्युझियममधली जगातली पहिली, असं सांगतात. तिची एक खोली मॉरिसच्या कंपनीनं १८६६ ते ६८ मध्ये सजवली. हिरव्या भिंती, त्यांवर उठावाची पानं, आणि सोनेरी चौकटींत बायकांची चित्रं. तिथं आजही चहा घेऊन बसता येतं. मी फोन टेबलावर साखरेच्या भांड्याला टेकवून ठेवला आणि रेकॉर्डिंग बंद करायला विसरले. सहा मिनिटं! भिंतीचा एक तुकडा, खिडकीच्या रंगीत काचेतून सरकत गेलेलं ऊन, बशीवर कप ठेवल्याचे आवाज, मागच्या टेबलावरचं रडणारं बाळ, आणि लेक मला विचारतेय, "आई, गोळी घेतलीस का?"

मी पुढं ढकलायला हात केला तर सगळे म्हणाले, थांबा. पूर्ण सहा मिनिटं बघितली. एका बाईंनी विचारलं, ती पानं रंगवलेली आहेत की उठावाची? अहो, सावली सरकली म्हणून तर उठाव कळला. दोन सेकंदांत सावली कुठली सरकायला!

तेव्हापासून मी एकच नियम पाळते. कोपरं बरगड्यांना चिकटवायची, श्वास सोडायचा आणि मनात वीस अंक मोजेपर्यंत फोन हलवायचा नाही. त्या म्युझियममध्ये ट्रायपॉड नेऊ देत नाहीत, तेव्हा बरगड्या हाच ट्रायपॉड. रंगीत काचेची खिडकी असेल तर फोनच्या पडद्यावर त्या काचेवरच बोट दाबून धरायचं, म्हणजे फोन उजेडाचं माप काचेवरून घेतो. भिंत काळी पडते, पडू द्यावी. रंग तरी टिकतात. आणि घरी दाखवायच्या व्हिडिओला सिनेमातलं गाणं जोडू नये. यूट्यूबवर चढवलात तर हक्कांच्या भानगडीत आवाजच जाण्याची शक्यता. तुमचा स्वतःचा आवाज कुणी काढून घेत नाही.

शेवटी लावलं सेंट पँक्रस. रेल्वे स्टेशन आणि त्याच्या तोंडाशी १८७३ मध्ये सुरू झालेलं हॉटेल. लाल विटा, टोकदार कमानी, मनोरे. मागची लोखंडी शेड २४० फूट रुंद आणि मध्ये एकही खांब नाही. तिच्या पोटात तळघर आहे, त्यातले खांब मात्र बिअरच्या पिंपांच्या मापानं बसवलेत, कारण बर्टन गावाहून रेल्वेनं येणारी बिअर तिथं साठवायची. देवळासारखी दिसणारी इमारत आणि पायात पिंपं! १९६० च्या दशकात हे सगळं पाडायचं घाटत होतं. लोकांनी ओरड केली, १९६७ मध्ये संरक्षण मिळालं, म्हणून वाचलं.

मी हे सांगत होते आणि चौथ्या मजल्यावरचे काका उठून पडद्याजवळ गेले. तीस वर्षं फोर्टात नोकरी केलेला माणूस. कमानीवर बोट ठेवून म्हणाले, "अहो, हा आपला राजाबाई टॉवर की!"

सगळे हसले. मला हसू येईना, कारण ते खरं होतं. हे हॉटेल ज्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं, त्याच माणसानं मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर रेखाटला. मुंबईत पाऊलही न टाकता, लंडनमधून नकाशे पाठवून. टॉवरला पैसा प्रेमचंद रायचंदांचा, नाव त्यांच्या आईचं, काम पुरं झालं १८७८ मध्ये. तिथं लाल वीट, इथं आपल्याकडचा फिकट दगड. कापड वेगळं, शिंपी एकच. काका जेवणाच्या सुट्टीत रोज त्या कमानींखालून जायचे. नाव त्यांना ठाऊक नव्हतं, टाके पाठ होते.

मी मात्र जन्म मुंबईत काढून राजाबाई टॉवरचा एक फोटोदेखील काढलेला नाही. म्हणून परवाच्या रविवारी काकांना घेऊन टॉवरसमोरच्या ओव्हल मैदानावर गेले. कोपरं बरगड्यांना लावली, मोजायला सुरुवात केली. चौदावर आले आणि मागून पोरगं ओरडलं, "काकू, बॉल!" फोन हलला, थोडं आकाश आलं, काकांची चप्पल आली, आणि त्याच वेळी घड्याळानं टोल द्यायला सुरुवात केली.

या महिन्यात हॉलमध्ये तेच लावणार आहे. नमस्कार.