आधी नमाज पाहू

(दृश्य: नळाखाली हात)

आधी उजवा हात, मग डावा. मनगटापर्यंत, तीन वेळा. चूळ, नाक, चेहरा. मग कोपरापर्यंत हात. ओला हात डोक्यावरून फिरतो, आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय. हा वुजू, म्हणजे नमाजीआधीची शुद्धी.

ख्रिस्ती माणसाला वाटतं, एवढे नियम कशाला? देव तर अंतःकरण पाहतो! पण नमाजही मनातच सुरू होते. कोणती नमाज, कोणासाठी, हा संकल्प म्हणजे निय्यत. ती नसेल तर पुढचं सगळं फुकट.

(दृश्य: रांगा, वरून)

खांद्याला खांदा. मालक कोण, मजूर कोण, इथून कळत नाही. नमाजीचं एक आवर्तन म्हणजे रकात. पहाटे फजरला 2 रकाती, दुपारी जुहर आणि उतरत्या दुपारी असरला 4-4, सूर्यास्तानंतर मगरिबला 3, रात्री इशाला 4. दिवसभरात फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकाती 17, प्रत्येकीत दोन सजदे. म्हणजे 34 वेळा कपाळ जमिनीला.

हे आपल्याला परकं वाटू नये. गेथशेमाने बागेत येशूनेही पालथं पडूनच प्रार्थना केली; मत्तयाने तसं लिहून ठेवलंय. चर्चमधली बाकं फार नंतरची.

(स्त्रियांची नमाज वेगळ्या दालनात होते. तिथे कॅमेरा नेला नाही.)

(दृश्य: सजदा, जवळून)

शार्ल द फुको. फ्रेंच सैन्यातला माजी अधिकारी, श्रद्धा गमावलेला. 1883-84 मध्ये वेशांतर करून तो मोरोक्को हिंडला. सतत देवाच्या सान्निध्यात जगणारे मुसलमान पाहून तो आतून हलला. पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला. 2022 मध्ये चर्चने त्याला संत घोषित केलं.

(दृश्य: कुराण, 19 वी सूरा)

सूरा मरियम, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या नावाचा अध्याय. कुराणात नावानिशी आलेली स्त्री ही एकच. कळा सुरू झाल्यात, ती एकटी आहे, पाठीशी खजुरीचं खोड. आवाज येतो: खोड हलव, ताजे खजूर पडतील. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, इथे खजुरीचं झाड. आई मात्र दोन्हीकडे कुमारीच.

तिचा मुलगा ईसा, म्हणजे येशू, इथे मसीहा आहे, पैगंबर आहे, पण देवाचा पुत्र नाही. आणि त्याचं क्रूसावरचं मरण कुराणाला मान्य नाही. आपल्या विश्वासाचा कणाच तो. गोड बोलून हा फरक मिटत नाही.

(दृश्य: नमाजीनंतरच्या भेटीगाठी)

28 ऑक्टोबर 1965. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की चर्च मुसलमानांकडे आदराने पाहतं. जुनी भांडणं विसरून एकमेकांना समजून घ्या, असंही सांगितलं. त्यांची प्रार्थना, दानधर्म आणि उपवास यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. मरियेबद्दल त्यांना वाटणाऱ्या आदराचाही.